तिसरी थाळी

अम्मानमधल्या त्या इस्पितळाच्या अंगणात अकरा पुरुष बसले होते आणि त्यांच्यापुढे कडू कॉफीचा पेला भरून तसाच ठेवला होता. मुलीच्या बापाने होकार दिल्याशिवाय मागणी घालणारे तो ओठाला लावत नाहीत. बाप तिसऱ्या मजल्यावर, काचेआड. इराकहून मांडीच्या हाडात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची जखम घेऊन आलेला खलफ. पाच महिन्यांत त्याला कुणी उघड्या हाताने शिवलं नव्हतं.

तीन तपासण्या लागोपाठ निर्मळ आल्या तरच त्याचं दार उघडणार होतं. दोन आल्या होत्या. त्याच्या जखमेचा नमुना लावलेली तिसरी थाळी प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ अरवा दिव्याखाली धरून उभी होती. थाळीतल्या जंतूंच्या खाद्यात औषध मिसळलेलं असतं. ज्या जंतूंना ते पचतं, तेवढेच उगवतात.

नवऱ्यामुलाचे चुलते अबू मुतलक खिडकीशी येऊन ठेपले.

"पोरी, कॉफी चौथ्यांदा बदलली."

"मग काचेतूनच होकार घ्या ना, काका."

"आणि जन्मभर सुनेचे टोमणे ऐकू? बापानं मला खिडकीतून दिली म्हणून?"

अरवा हसली, पण नजर थाळीवरच होती. गेल्या वर्षी स्वतःच्या वडिलांची थाळी तिनेच वाचली होती. ती जंतूंनी काठोकाठ भरली होती. ही रिकामी होती. तिने ती फिरवून पुन्हा पाहिली. रिकामीच.

"चला," ती म्हणाली.

खलफ कुबड्या टेकत खाली आला. हात पुढे करायला बिचकला, तेव्हा अबू मुतलकांनीच त्याला छातीशी ओढलं.

"दिली," खलफ म्हणाला.

पेला एकाकडून दुसऱ्याकडे जाणार, तोच अरवा आडवी आली. "प्रत्येकाला वेगळा."

"आमच्यात एकच फिरतो," अबू मुतलक म्हणाले.

"जंतूंतही तसंच चालतं, काका. औषधाला पुरून उरायची युक्ती एकाला गवसली, की तो शेजाऱ्याला देऊन टाकतो. शेजारी परक्या कुळातला असला तरी."

"बघा," खलफ म्हणाला, "ते तर मागणीही घालायला लावत नाहीत."

सगळे खो खो हसले. अखेर वॉर्डातून औषध मोजायच्या चिमुकल्या पेल्या आल्या.

"दहा मिली," अबू मुतलकांनी आपली पेली डोळ्यांसमोर धरून मोजली. "मोठ्या मनानं वाढा की जरा."

एक पेली अरवाच्या हाती आली. कॉफी तिच्या वडिलांना आवडायची तशीच कडू होती. पुरे झालं की पेला हलवून परत करायचा असतो. अरवाने पेली हलवली नाही, आणखी घ्यायला पुढे केली.