परत आलेली वाटी

मित्रांनो, मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी आहे. माझ्या अंगावर तीन पोचे आहेत. दोन शेळीने पाडले, तिसऱ्याचं पुढे सांगते.

ताराबाईंनी मला सिरसाळ्याच्या बाजारातून आणलं. त्यांच्या दारात मी मांजरासाठी असायची. भाकरीचा कुस्करा आणि वर दूध. मांजर कुणाचं, हे आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. ज्याच्या दारात येईल त्याचं.

ताराबाईंची लेक उज्ज्वला नर्सच्या नोकरीसाठी इंग्लंडला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या बॅगेत कोंबलं.

“आई, तिथं वाट्या मिळत न्हाईत का?”

“मिळत असतील. पर दारात मांजर जेवलं म्हंजी घर लागलं. त्याबिगर माझ्या जिवाला चैन न्हाई.”

तिथली दारं सदा बंद. दोन महिने उज्ज्वलाच्या दारावर पार्सलवाल्याशिवाय कुणी आलं नाही. सुट्टीला ती खिडकीत बसून राही. भर दुपारी कचऱ्याच्या डब्यांशी कोल्हा येई. भिंतीवर खारी पळत, राखाडी, पाठीवर पट्टे नसलेल्या. ती हे सगळं फोनवर सांगे.

“गावात कोल्हा? मग कुत्री काय झोपा काढतेत का?”

“इथं कुत्र्याला दोरी लावून हिंडवतेत, आई.”

“ऱ्हाऊ दे ते. मांजर आलं का?”

एका रविवारी आलं. काळं-पांढरं, कानाला खाच, गळ्यात पट्टा नाही. उज्ज्वलाने मला दुधाने भरून पायरीवर ठेवलं. मग महिनाभर ते रोज आलं. “आलीस व्हय ग बये?” असं ती म्हणायची. फोन सोडला तर घरात तेवढंच मराठी बोललं जाई. फोनवर तिने सांगितलं तेव्हा ताराबाई म्हणाल्या, “लागलं बग घर.”

एके दिवशी दार वाजलं. शेजारचे गृहस्थ होते. त्या घराचे पहिलेच पाहुणे! उज्ज्वलाने धावत दोन कप चहाचं आधण ठेवलं.

ते आत आलेच नाहीत. पायरीवरून मला उचलून म्हणाले, “हे मांजर माझं आहे. त्याला मूत्रपिंडाचा आजार आहे. तुमच्या दुधाने त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा काही घालू नका.”

आवाज त्यांनी चढवला नाही. चूक आमचीच होती. “मला वाटलं...” उज्ज्वलाने सुरुवात केली. गल्लीतलं मांजर म्हणजे काय, हे तिला इंग्रजीत सांगता येईना. त्यांच्याकडून घेताना मी तिच्या हातून निसटून फरशीवर आपटले. तोच तिसरा पोचा.

मांजर पुढे आठवडाभर येऊन काचेला पंजा लावत बसे. उज्ज्वला पडदा ओढून घेई आणि फोनवर सांगे, “येतंय की आई, रोज येतंय.”

दिवाळीला ती गावी आली. बॅग उपसताना मी ताराबाईंच्या हाती लागले. त्यांनी नव्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मला राखेने घासून दारात ठेवलं.

आता उज्ज्वला परत तिकडे आहे. दर रविवारी फोनवर ताराबाई माझ्याकडे बघत विचारतात, “मांजर जेवलं का ग?”

“जेवलं, आई.”

“बरं झालं.”

मित्रांनो, मुक्या जनावराला खाऊ घालण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं विचारा. आणि तुमच्या शेजारी कुणी नवं राहायला आलं, तर भेटायला जायला तक्रारीचं निमित्त सापडेपर्यंत थांबू नका. त्या दिवशी दोन कप चहा झाला होता. दोन्ही उज्ज्वलाच प्यायली.