तुळशीकडचा बुडबुडा

मित्रांनो, माझ्या डोक्यावर काचेची एक गोल डबी आहे. तिच्यात तेल आहे आणि तेलात एक बुडबुडा आहे. मला जे सांगायचे असते ते सगळे तो बुडबुडाच सांगतो. मोटारीची चाके तोलायचा मी एक जुना लोखंडी स्टँड. खालापूर तालुक्यात, साजगावजवळच्या एका घराच्या पडवीत मी उभा असतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. कारखान्याच्या गाड्यांसाठी मला बनवले होते. माझी रचना साधी आहे. खाली तीन पायांची बैठक, तिच्यावर एक उभा दांडा, आणि दांड्याचे टोक पेन्सिलीसारखे अणकुचीदार. त्या टोकावर माझे डोके नुसते टेकलेले असते, बोटाच्या टोकावर ताटली तोलून धरावी तसे. टोक नेमके मधोमध बसावे म्हणून डोक्याच्या खालच्या अंगाला एक छोटी खळगी आहे. चाक आडवे करून माझ्या डोक्यावर ठेवले की त्याची जड बाजू खाली झुकते आणि बुडबुडा वर उचललेल्या, म्हणजे हलक्या बाजूकडे सरकतो. त्या बाजूला रिमवर शिशाचे वजन लावायचे. बुडबुडा मधल्या वर्तुळात आला की चाक तोलले गेले.

तोल नसलेले चाक वेगात थरथरते. ती थरथर स्टिअरिंगमध्ये येते, मग सीटमध्ये येते आणि शेवटी सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीत शिरते.

सहदेव त्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कारखान्यात कंप्युटरवर चालणारे नवे यंत्र आले तेव्हा मला भंगारात टाकले. सहदेवांनी साहेबांना विचारून मला घरी आणले. त्यांची एक सवय होती. चाक ठेवण्याआधी ते माझा बुडबुडा रिकामाच बघत. तो मध्ये नसेल तर माझ्या पायांचे स्क्रू फिरवून आधी मला सरळ करत आणि मगच चाकाला हात लावत.

ते दिवस चांगले होते. आसपासच्या वाड्यांतून लोक गाड्या घेऊन येत. शेजारचा कमळ्या तर आपल्या टेंपोची चाके दुसऱ्या कुणाकडे नेतच नसे.

"काका, टेंपो हाय का पाळना? चालवताना झोप याया लागली," तो एकदा म्हणाला.

"मग काढू का वजनं परत? जागा ऱ्हाशील," सहदेव म्हणाले.

पुढे खोपोलीच्या रस्त्याला टायरची दुकाने झाली. तिथे मोठी यंत्रे आली. माझ्याकडे येणारी माणसे कमी होत गेली आणि मग थांबलीच. माझ्या डोक्यावर भाताच्या रिकाम्या गोणी येऊन पडल्या. काचेवर धूळ बसली. बुडबुडा आत होता, पण तो बघणारे कुणी नव्हते.

मग सहदेवांच्या पत्नीच्या, बायजाबाईंच्या, मणक्याचे ऑपरेशन झाले. ऑपरेशन पनवेलला झाले होते. डाव्या पायात जोर नव्हता, म्हणून दर आठवड्याला व्यायामासाठी तिथेच न्यायचे होते. डॉक्टरांनी सुनेला, विनिताला, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते की हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे आहेत. आत्ता पाय चालवला नाही तर पुढे त्यातला जोर पुरता परत येईल याची खात्री नाही.

तेवढ्यात घरच्या गाडीचे टायर बदलावे लागले. नवे टायर घातल्यापासून वेग वाढला की गाडी थोडी थरथरू लागली. बायजाबाई दात आवळून बसत. विनिता म्हणाली, "बाबा, खोपोलीला मशीनवर दाखवून आणू या ना. लगेच होतं."

"त्या पोरांना घाई असते गं. ती तुझ्या सासूची पाठ हाय, सिमेंटची गोन नाय. मी घरी करतो, नीट करतो."

त्यांनी माझ्यावरच्या गोणी काढल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. सहदेवांनी नट खोलायचे पाने, हातोडी, जॅक सगळे धुऊन पुसून पाटावर मांडले. माझे डोके दांड्यावरून उतरवले, काच चकचकीत पुसली आणि तिच्यावर कुंकू पडू नये म्हणून डोके पाटावर उलटे ठेवले. खळगी वर आली.

पूजा करायला बायजाबाई स्वतः आल्या, भिंतीला धरून. विनिता म्हणाली, "आई, मी करते, तुम्ही बसा." पण त्यांनी ऐकले नाही. त्यांनी हळद वाहिली, ओले कुंकू लावले आणि वरून अक्षता टाकल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझ्या पाठीची काळजी घे रं बाबा."

मित्रांनो, त्या अक्षतांमधला एक दाणा माझ्या खळगीत पडला आणि ओल्या कुंकवात चिकटून बसला.

संध्याकाळी सहदेवांनी माझे डोके उचलून दांड्यावर ठेवले. डोक्यावर एक लाल खूण आहे. ती नेहमी अंगणातल्या तुळशीकडे करायची, अशी त्यांची पद्धत. टोक खळगीत गेले, पण दाण्यामुळे जरा बाजूला टेकले. बुडबुडा तुळशीकडे सरकून उभा राहिला. त्यांनी फक्त एक नजर टाकली असती तरी पुरले असते. पण चाक उचलता उचलता ते स्वतःशीच म्हणाले, "आजच पूजा झाली. आज काय बघायचं रिकामा!"

त्यांनी एकामागून एक चारही चाके तोलली. प्रत्येक वेळी बुडबुडा तुळशीकडे जाई आणि ते त्या बाजूला शिशाचे वजन ठोकत. माझ्याजवळ आवाज नाही. जो बुडबुडा होता तो चुकीचेच सांगत होता.

पुढच्या फेरीला गाडी सकाळी निघाली आणि दुपारच्या आत परत आली. चौक गावाच्या पुढे ती इतकी हादरू लागली होती की बायजाबाईंना बसवेना. विनिताने त्यांना आधार देऊन उतरवले. त्यांचा चेहरा घामाने डबडबलेला होता.

"मी आता कुठल्याच गाडीत बसायची नाय," त्या म्हणाल्या. "रिक्षा नको, कुनाची दुसरी गाडी नको. इथंच पडून ऱ्हाईन."

सहदेवांनी पुन्हा चाके काढली, जुनी वजने उपसली, पुन्हा माझ्यावर ठेवली. रागाच्या भरात रिकामा बुडबुडा बघायचे या वेळीही राहिले, आणि पुन्हा तेच झाले. एकट्याने गाडी चालवून आले, तर थरथर होतीच. कमळ्याने कुंपणावरून हाक मारली, "काका, गाडी हाय का पिठाची गिरन? जवारी टाकू का वायच?" या वेळी सहदेव नट आवळतच राहिले. ते टायरला नावे ठेवत, दुकानदाराला बोलत, रस्त्याला बोलत.

"बाबा, आता तरी मशीनवर नेऊ या," विनिता म्हणाली.

"म्हंजे कारखान्यात मी जन्मभर माशा मारल्या काय?" ते ओरडले आणि गाडीची किल्ली खिशात घालून निघून गेले.

दिवाळी आली आणि गेली. पनवेलला जाणे बंदच होते. बायजाबाईंच्या डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहून जाई आणि त्यांना ते कळतही नसे. विनिता ती उचलून आणून देई. मी हे पडवीतून बघत होतो.

एके दिवशी सहदेव पुन्हा चाके काढून बसले. बायजाबाई खाटेवर पडून बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अवो."

"काय?"

"चारी चाकं तुळशीकडंच कशी हलकी?"

"हलकी बाजू असंल तिकडं बुडबुडा जातो. तुला नाय कळायचं."

"त्ये कळलं. पन एक तरी चाक पायरीकडं हलकं निघू नये? सगळ्यांनी मिळून ठरवलंय व्हय? फिरवा की त्येला अर्धं."

सहदेवांचा हात थांबला. त्यांनी माझे डोके तसेच धरून वरचे चाक अर्धे फिरवले. चाकात खोट असती तर हलकी बाजू चाकाबरोबर फिरून तुळशीच्या उलट बाजूला, पायरीकडे गेली असती आणि बुडबुडा तिच्यामागे गेला असता. तो तुळशीकडेच राहिला. त्यांनी चाक उतरवले. रिकामा बुडबुडाही तुळशीकडेच होता. मग त्यांनी माझे डोके उचलून उलटे केले.

दाणा सुकून घट्ट झाला होता. कुंकवाने तो गुलाबी दिसत होता. सहदेवांनी नखाने तो काढला, तळहातावर घेतला आणि खाटेपाशी गेले. बायजाबाईंनी तो निरखून बघितला.

"ह्यो माझाच हाय," त्या म्हणाल्या.

"दाना तुजा, पन बघायचं काम माजं व्हतं." सहदेव तिथेच जमिनीवर बसले.

त्यांनी चाके पुन्हा तोलली. या वेळी बुडबुडा प्रत्येक चाकाला वेगवेगळीकडे गेला आणि वजन लावताच मध्ये आला. तरी त्यांनी स्वतः किल्ली काढून विनिताच्या हातात दिली. "आधी खोपोलीला मशीनवर दाखव, मग पनवेलला जा," ते म्हणाले. मशीनने काही चूक काढली नाही. चौक येईपर्यंत बायजाबाई गाडीच्या दारावरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून होत्या. चौक मागे पडले तेव्हा त्यांनी एक हात सोडला, असे विनिताने घरी येऊन सांगितले. पण व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पाऊल दाबून बघितले. मग म्हणाल्या, "उशीर झाला आहे. प्रयत्न करू."

प्रयत्न अजून चालू आहेत. गाडी आता थरथरत नाही. डावे पाऊल मात्र पूर्ण उचलले जात नाही.

यंदाच्या खंडेनवमीला बायजाबाईंनी मला फुले वाहिली, कुंकू माझ्या पायाला लावले आणि अक्षता वाटीत घालून शेजारी ठेवल्या. मित्रांनो, आम्हाला जरूर मान द्या. पुसा, तेल घाला, हार घाला. पण ज्या दिवशी आमच्यावर सगळ्यात जास्त भरवसा वाटेल, त्या दिवशी आम्हाला आधी एकदा रिकामे बघा.

आता चाक आणले की सहदेव ते खाली ठेवून थांबतात आणि घरात हाक मारतात, "अगं, ये बघायला." मग आतून चालण्याचा आवाज येतो. एक पाऊल वाजते, एक घासत येते. बायजाबाई काठीवर वाकून माझ्या काचेत बघतात. तेवढा वेळ मी अगदी स्तब्ध उभा असतो.

"हां, मधी हाय," त्या म्हणतात. "ठेवा आता."