तहानेवर वाढलेली

भांडण एका तांब्यावरून झालं. तांब्याही नाही, तांब्याभर पाण्यावरून.

थोरली जाऊ टेकडीच्या वरच्या अंगाला एकेका रोपाशी वाकून वेळूच्या नळीत पाणी ओतत होती. हातभर लांबीचा पोकळ वेळू प्रत्येक रोपाच्या कुशीत पुरलेला. त्यात पाणी ओतलं की वरची माती कोरडीच राहायची आणि पाणी थेट खाली जायचं. दर रोपाला पंधरा दिवसांतून एक तांब्या, त्याच्यावर थेंब नाही. सहज मागं वळून बघते, तर धाकटी तिच्याच रांगेत एका बोरीच्या बुडाशी पाणी घालून माती थोपटत बसलेली.

"काय करतेस गं?"

"पाणी घालते. माना टाकल्यात बिचाऱ्यांनी."

"परवाच घातलंय त्याला."

"परवा जेवला म्हणून माणूस आज उपाशी राहतो का, जाऊबाई?"

"ते माणूस नाही. वर पाणी मिळालं की मुळं वरच लोळतात. सासरे काय सांगायचे, विसरलीस? रोज पाजलेलं रोप म्हणजे घरजावई. ताट आयतं समोर येतंय म्हटल्यावर कशाला हातपाय हलवील?"

"सासऱ्यांचं राहू द्या. जवळ पाणी असून तहानलेल्याला नाही म्हणणारं हे एकच घर असेल. तुम्हाला मायाच नाही."

हे मात्र थोरलीला लागलं. तिनं तांब्या खाली ठेवला. "मग वाटणी कर. खालची ऐंशी तुझी, वरची एकशेवीस माझी. तू तुझी पाज, मी माझी मारते."

बोलून गेली खरी, पण पुढे कितीतरी दिवस तिला तो शब्द खात राहिला.

टेकडी गावाची. मागच्या पावसाळ्यात गावानं तिच्यावर दोनशे रोपं लावली होती. बाभूळ, बोर आणि कडुनिंब, म्हणजे दुष्काळात निभावून नेणारी चिवट जात. राखणीला पायथ्याशी राहणाऱ्या या दोघी जावा, कारण त्यांचे नवरे, सख्खे भाऊ, लांबच्या बांधकामांवर गेलेले आणि घरात दुसरं कुणी नाही. पण टेकडीवर खाणवाल्याचाही डोळा होता. त्याला दगड हवा होता. गावात दोन तट पडले तेव्हा पंचांनी मधला मार्ग काढला: ऐन उन्हाळ्यात मोजणी करायची. दोनशेतली शंभर जिवंत भरली तर टेकडी झाडांची, एक जरी कमी भरलं तर खाणवाल्याची. आणि खाण सुरू झाली की सुरुंगाच्या तोंडाशी पहिलं घर यायचं ते या दोघींचं. दोन खोल्या, एक ओटा, नवऱ्यांनी मागच्या खेपेला येऊन घातलेलं नवं छप्पर. खाणवाल्यानं मोजणीची वाटसुद्धा बघितली नव्हती. भिंतीवर चुन्यानं फुली मारून मोकळा झाला होता.

वाटणीनंतर दोन महिने धाकटीचे दिवस आले. ती रोज संध्याकाळी पायथ्याच्या विहिरीतून पाणी शेंदायची आणि ऐंशीच्या ऐंशी रोपांना पाजायची. रोपं अशी तरारली की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. आणि वर थोरलीच्या रानात उलटा कारभार. आधी पानं बारीक झाली, मग पिवळी पडली, मग एकेक करून गळून गेली. ऊन जसं चढत गेलं तशा एकशेवीस नुसत्या काड्या उरल्या. बाभळीच्या आणि बोरीच्या काड्यांना काटे तरी होते, कडुनिंबाच्या काड्यांना तेही नव्हते.

लोक काय, बोलायला टपलेलेच. पाथरवट जाता जाता म्हणाला, "थोरल्या वहिनींनी सरपण बरं लावलंय. तोडायचे कष्ट नाहीत." थोरली वरून हसली. सासऱ्यांनी सांगितलं होतं की कोरड्या रानातलं झाड पान टाकून जीव राखतं, पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. पण सासरे झाडांबद्दल बोलायचे, मोठ्या, जुन्या झाडांबद्दल. ही तर गुडघ्याएवढी पोरं. ती जीव राखतायत की जीव सोडून उभी आहेत, हे तिला तरी कुठं कळत होतं? नखानं साल खरवडून बघायचीही तिला भीती वाटायची. आत सुकलेलं निघालं तर पुढे कुणाच्या जिवावर उभं राहायचं?

मग विहीर आटली. एका सकाळी पोहरा चिखल घेऊन वर आला, दुसऱ्या दिवशी नुसतेच खडे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धाकटी दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिली. चौथ्या दिवशी तिच्या रोपांनी माना टाकल्या आणि आठव्या दिवशी सगळी करपली. पानं गळलीसुद्धा नाहीत, जिथल्या तिथं वाळून कुडकुडीत झाली. वाऱ्यानं खालचं रान कागदासारखं वाजायला लागलं. धाकटी घरात येऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "जाऊबाई, सगळी गेली हो." थोरलीच्या जिभेवर आलं होतं, सांगितलं होतं ना तुला. पण त्या पोरीचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. वाद जिंकायची ही वेळच नव्हती. खाली ऐंशी मेलेली, वर एकशेवीस काड्या, आणि पंचांचा निरोप आलेला: परवा मोजणीला येतो.

"पान बघूनच मोजणार ते," धाकटी म्हणाली. "तुमच्या काड्या बघून खाणवाला दात काढील. घर गेलंच म्हणायचं."

थोरलीनं रिकामी घागर उलटी करून ठेवली.

मोजणीच्या आदल्या दिवशी थोरली घागर घेऊन दोन कोसांवरच्या झऱ्याला गेली. घरात प्यायला पाणी नव्हतं. रांगेत दिवस मोडला. दिवे लागता लागता ती घागर घेऊन परतली, तेव्हा धाकटी ओट्यावर बसलेली होती आणि तिच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"हे काय?"

"काटे लागले. तुम्ही दमलात, जेवून पडा. उद्याची काळजी करू नका."

थोरली इतकी दमली होती की तिनं पुढं विचारलं नाही.

सकाळी चूल पेटवायला बसली तर चुलीशेजारी काटक्यांचा नवा भारा. तिनं एक काडी उचलून मोडायला घेतली. ती मोडेना. वाकली, सालीला चीर गेली, पण मोडेना. तशीच चुलीत सारली तर पेटेना. धूर झाला आणि काडीच्या टोकातून पाणी चरचरत बाहेर आलं.

थोरली ते चरचरणारं पाणी बघत राहिली. मग तिनं भाऱ्यातली दुसरी काडी उचलली. काडी जेमतेम गुडघ्याएवढी, आणि तिच्या खालचं मूळ चांगलं दीड हात. तिनं नखानं साल खरवडली. आत पोपटी रंग, ओला.

"धाकटे!" तिला बोलताना धाप लागली. "ही कुठली काटकी आणलीस?"

धाकटी दारात येऊन उभी राहिली. ती चांगल्या मनानं सगळं सांगायला लागली. घरामागं मोरीच्या पाण्यावर तिनं पिशव्यांत वीस रोपं वाढवली होती, हिरवीगार. काल दुपारी वरच्या रानातल्या, वाटेकडच्या वीस मेलेल्या काड्या कुदळीनं भोवती खणून उपटल्या आणि त्या खड्ड्यांत ती लावली. वाटेवरून चढताना पंचांना आधी तीच दिसणार. सगळ्याच काड्या बदलणार होती, पण पिशव्या वीसच. "तुमची मान खाली जाऊ नये म्हणून केलं, जाऊबाई. मेलेल्यांचं काय, उपटली तर उपटली."

थोरलीनं चुलीतली काडी ओढून तिच्यापुढं धरली. टोकाला अजून फेस होता. "मेलेलं असं रडतं का गं?"

धाकटीनं काडी बघितली, मूळ बघितलं, आणि मटकन खाली बसली. थोरलीनं तिला बोल लावला नाही. काडी मांडीवर ठेवून तीही रडली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. झाडं जिवंत होती हे तिला कळलं, तेही ती चुलीत गेल्यावर.

पंच आले ते ऊन चढायच्या आत. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली, हातात वही. बरोबर खाणवाला आणि गावातली पाच-दहा रिकामी माणसं. खालची ऐंशी बघून पंचांनी नुसती मान हलवली. वर आले आणि हिरवी वीस मोजायला लागले. "एक, दोन, तीन..." थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं तर घर जातं, न सांगावं तर ती वीस तरी पदरात पडतात.

सहाव्या रोपाशी खाणवाला वाकला. "पंच, इथली माती ओली कशी?" त्यानं दोन बोटांनी रोप धरून वर उचललं. ते पिशवीच्या आकाराच्या मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर आलं. मुळं गोळ्याभोवती गोल गोल गुंडाळलेली होती. माणसं हसली. पंचांनी वही मिटली.

"ही मी लावली," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंना माहीत नव्हतं."

"संपलं मग," खाणवाला म्हणाला. "बाकी काड्याच आहेत."

"थांबा," थोरली म्हणाली. "ते उपटलंत ना? आता शेजारची काडी उपटा."

खाणवाल्यानं हसत हसत काडी धरली. ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. पाय रोवून ओढली, तेव्हा काटे तळव्यात घुसले आणि तो हात झटकत मागं सरला. काडी होती तिथंच होती. पाथरवट म्हणाला, "मालक, डोंगर उचलायला निघालात, आधी काडी तर उचला." या वेळी हसू दुसऱ्या बाजूला गेलं.

थोरलीनं त्या काडीची साल नखभर खरवडून पंचांना दाखवली. पंच चष्मा वर करून, पार नाक टेकवून बघत राहिले.

"ठरलंय ते पान असलेलं रोप," खाणवाला तळवा चोखत म्हणाला.

"वहीत लिहिलंय 'जिवंत'," पंच म्हणाले. "पान मी आपलं धरून चाललो होतो. सगळी खरवडू."

मग भर उन्हात नखानं मोजणी सुरू झाली. शंभर काड्या. प्रत्येकीला एक ओरखडा. हिरवा निघाला की पंच वहीत रेघ ओढायचे. थोरलीचा जीव प्रत्येक ओरखड्याला टांगणीला. कडुनिंबाची चार आतून तपकिरी निघाली. शेवटच्या काडीशी पंचांनी रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"शहाण्णव."

चार कमी. आणि वीस चुलीशेजारी पडलेली. थोरली खालीच बसली.

तेवढ्यात धाकटी पुढं झाली. "सगळी मुळासकट निघाली नव्हती," ती म्हणाली. "सात मोडली. ओढताना कटकन आवाज आला होता. मला आठवतंय कुठली कुठली." हातांच्या चिंध्या तशाच ठेवून ती पहिल्या खड्ड्याशी बसली, कालचं आपलंच हिरवं रोप उपटून बाजूला टाकलं आणि बोटांनी माती उकरायला लागली. वीतभर खाली मोडलेलं मूळ लागलं, करंगळीएवढं जाड. तिनं नख लावलं नाही. पंचांकडे बघितलं. पंच गुडघे धरत खाली बसले आणि स्वतःच्या नखानं खरवडलं. आत पांढरं, ओलं, काकडीसारखं.

"मूळ म्हणजे झाड होय?" खाणवाला म्हणाला.

"बोर आहे ही," पंच म्हणाले. "माझ्या शेतात तीस वर्षं उपटतोय. एकदा मूळ खाली गेलं की पुन्हा फुटल्याशिवाय राहत नाही. बोरीनं मला हरवलंय, तुझं काय घेऊन बसलास." आणि त्यांनी रेघ ओढली.

सात खड्डे उकरले. दोन मुळं सुकलेली निघाली. पाच ओली. धाकटीच्या चिंध्या लाल झाल्या होत्या, पण तिला सरक म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"एकशेएक," पंच म्हणाले आणि वही बगलेत मारून उतरायला लागले. दहा पावलांवर थांबून त्यांनी मागं न बघता सांगितलं, "भिंतीवरची फुली पुसून टाका."

सगळे गेले. उरल्या दोघी आणि काड्या. पावसाला अजून दोन महिने होते आणि विहिरीत खडे होते. टेकडी राहिली म्हणजे काय राहिलं, असं कुणी त्या घडीला विचारलं असतं तर थोरलीला दाखवायला एक हिरवं पान नव्हतं. तिनं पाची मुळांवर माती सारली, हलक्या हातानं दाबली.

धाकटी घरात जाऊन घागरीतलं तांब्याभर पाणी घेऊन आली आणि खड्ड्याशी घुटमळत उभी राहिली. "एवढंच घालू का? वेळूतनं घालीन. वरून नाही घालणार."

थोरलीनं तांब्या तिच्या हातून घेतला, तिच्या तळव्यांकडे बघितलं, आणि तांब्या तिच्याच तोंडाशी नेला.

"तू पी आधी. सकाळपासून उन्हात आहेस, अन् तुला काही दीड हात मूळ नाही."

धाकटी प्यायली. अर्धं उरलं ते तिनं थोरलीपुढं केलं, आणि तिनंही ते मुकाट्यानं पिऊन टाकलं.