सतरा-सीचं परराष्ट्र धोरण

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या एका चढावर सतरा-ए, सतरा-बी आणि सतरा-सी अशी तीन घरं एकामागे एक उभी आहेत. रस्त्याला लागून ए, मध्ये बी आणि सगळ्यात मागे सी. सीमधून समुद्र दिसतो असं घर विकताना एजंट म्हणाला होता. दिसतो. डेकच्या कठड्यावर चढून उभं राहिलं तर दिसतो.

तिन्ही घरांना ड्राइव्ह-वे एकच, आणि जमीनही तिघांची सामाईक. ह्या व्यवस्थेला तिथे क्रॉस-लीज म्हणतात. तिच्यात कोणाला बाहेरच्या बाजूने साधी खिडकी काढायची झाली तरी उरलेल्या दोघांची सही लागते. ज्याने कोणी ही व्यवस्था शोधून काढली, त्याला शेजारी नसणार.

मकरंद आणि विनिता नऊ वर्षं भाड्याच्या घरांत राहिले आणि गेल्या वर्षी त्यांनी सतरा-सी घेतलं. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी मकरंदच्या वडिलांनी, काशिनाथरावांनी, रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून छोटंसं भाषण केलं. "आजपासून आपण एक नवस्वतंत्र राष्ट्र आहोत," ते म्हणाले.

"आधी दूध आणा," मकरंदच्या आई, श्यामलाबाई, म्हणाल्या.

काशिनाथरावांनी पुण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. त्यांचा हुकमी विषय अलिप्ततावाद. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने कोणत्याही बड्याच्या गोटात शिरू नये, मदत दोघांकडून घ्यावी, मत मात्र आपलं ठेवावं, हे त्यांनी एकतीस पिढ्यांना सांगितलं. 'अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, चर्चा करा' हा वीस गुणांचा प्रश्न ते दर वर्षाआड टाकत. मुलांना ते माहीत होतं आणि मुलांना माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. संबंध सलोख्याचे होते.

सतरा नंबरात दोन महासत्ता होत्याच.

ए मध्ये ट्रेवर. वय एकोणऐंशी, रेल्वेतून निवृत्त, बायको मोइरा जाऊन सहा वर्षं झालेली. ड्राइव्ह-वेवर कोणी गाडी लावली की ट्रेवर सूचना लिहायचा, प्लास्टिकमध्ये सीलबंद करायचा आणि कुंपणाला टांगायचा. बी मध्ये सीना. मूळची सामोआची, निवृत्त नर्स, हसली की ड्राइव्ह-वेच्या दोन्ही टोकांना कळावं अशी. रविवारी चर्चनंतर तिच्याकडे वीस माणसं जेवायला असत, आणि वीस माणसांच्या सात गाड्या. सूचना रविवारी निघत.

काशिनाथरावांनी धोरण जाहीर केलं नाही, अमलात आणलं. ट्रेवरकडून शिडी आली, ड्रिल आलं, पाण्याच्या जोराने डेक धुवायचं यंत्र आलं. सीनाकडून नारळाच्या दुधात भाजलेले गोड पाव आले. "एकीकडून भिलाई, दुसरीकडून मिलो," ते खुशीत म्हणायचे. रशियाच्या मदतीचा भिलाईचा कारखाना पाहिलेली आणि अमेरिकेने पाठवलेली मिलो ज्वारी खाल्लेली पिढी घरात दोघांचीच होती, त्यामुळे हसायच्या त्या श्यामलाबाईच, आणि त्याही दर वेळी नाही.

मग श्यामलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरातलं एकुलतं एक बाथरूम वरच्या मजल्यावर होतं, चौदा पायऱ्यांवर. त्या सकाळी एकदा उतरत आणि दुपारी एकदा चढत. चहा अर्धा कप करून टाकला होता. का, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळत होतं.

खालच्या गॅरेजची खोली करायची, तिथेच बाथरूम काढायचं, दाराशी उतार करायचा, असं ठरलं. नकाशा झाला. सह्यांचा फॉर्म आला.

"बाबा, सह्या तुम्ही आणा," मकरंद म्हणाला. "माझं आणि ट्रेवरचं कचऱ्याच्या बिन्सवरून वाजलंय. फॉरेन मिनिस्ट्री तुमच्याकडे."

ट्रेवरने नकाशा दोन दिवस ठेवून घेतला, टेप घेऊन स्वतः सगळं मोजलं, बिल्डरची चार सेंटिमीटरची चूक काढली आणि सही केली. सीनाने मंगळवारी फॉर्म घेतला, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला आणि म्हणाली, "स्वीट ॲज, काशी! एकदम झकास! बघते."

गुरुवारी सकाळी काशिनाथराव वरच्या खिडकीत चहा पीत उभे होते. तिथून सगळा ड्राइव्ह-वे दिसतो. सीना चर्चची व्हॅन मागे घेत होती. व्हॅन जरा जास्तच मागे आली आणि ट्रेवरच्या कुंपणालगतचं लिंबाचं झाड बुंध्यातून मोडलं. मोइराने लावलेलं झाड ते. सीना उतरली. झाडाकडे पाहिलं. मग वर, खिडकीकडे पाहिलं. खाली पडलेली लिंबं गोळा करून तिने ट्रेवरच्या कठड्यावर नीट ओळीत मांडली आणि ती निघून गेली.

दुपारी ट्रेवर आला. "तुम्ही खिडकीत असता. काही पाहिलंत?"

काशिनाथरावांना फ्रिजवरचा फॉर्म आठवला. त्यामागोमाग चौदा पायऱ्या आठवल्या.

"चष्मा नव्हता," ते म्हणाले.

संध्याकाळी सीना गोड पाव घेऊन आली. "आज काय वारा होता ना, काशी?"

"वारा... होता," काशिनाथराव म्हणाले. पोरिरुआत हे विधान कधीच खोटं ठरत नाही.

"फॉर्म आहे माझ्याकडे, विसरलेले नाही," सीना जाता जाता म्हणाली.

काशिनाथरावांनी दार लावलं. आंतरराष्ट्रीय राजकारणातला इतका स्वच्छ इशारा त्यांनी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता.

शनिवारी सकाळी ट्रेवर परत आला. काशिनाथराव शिडी परत द्यायला निघालेच होते.

"तुमच्याकडेच ठेवा," ट्रेवर म्हणाला. "मी गाडी विकतोय. गुरुवारी सकाळी मीच गाडी बाहेर काढली होती. झाड माझ्याकडूनच मोडलं असणार, लिंबंही मीच ओळीत मांडली असणार, आणि मला काही आठवत नाही. टौरंगाहून मुलगी आलीये. ती म्हणते, आज झाड, उद्या माणूस. तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, तिथे एक बघितलंय तिने."

त्याने शिडीवर हात ठेवला. "वाईट एवढंच वाटतं, की मोइराचं झाड मोडलं आणि मला साधा धक्कासुद्धा जाणवला नाही."

तो गेला. जिन्याच्या वरच्या पायरीवर श्यामलाबाई बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं.

"चष्मा नव्हता म्हणे," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही अंघोळीला जाताना मी ओरडते तेव्हा कुठे काढता चष्मा."

"श्यामला, सही—"

"कोणी मोडलं झाड?"

काशिनाथरावांनी सांगितलं. मग धोरणाची पार्श्वभूमीही सांगितली: आपण लहान आहोत, मागच्या घरात आहोत, बाहेर पडायचं तर दोघांच्या दारावरून जावं लागतं. दोघांच्या भांडणात पडणं परवडणार नाही. शिवाय बाथरूम.

"भांडण दोघांचं आहे म्हणून गप्प बसणं मला समजतं," श्यामलाबाई म्हणाल्या. "पण त्या माणसाला वाटतंय की त्याचं डोकं गेलं. ते भांडण आहे का? आणि हे बघा, तुमच्या भित्रेपणाला माझा गुडघा पुढे करू नका. तो माझा आहे."

काशिनाथराव डेकवर जाऊन बसले. वारा होता.

त्यांना एक उत्तरपत्रिका आठवली. कांचन नावाची मुलगी, आडनाव आता आठवत नव्हतं. वीस गुणांच्या त्या प्रश्नाला बाकीची मुलं चार-चार पानं लिहीत, बांडुंग आणि बेलग्रेडच्या परिषदा तारखांसकट. तिने तीनच ओळी लिहिल्या होत्या: 'तटस्थ माणूस तोंड बंद ठेवतो. अलिप्त माणूस तोंड उघडतो, पण कोणी सांगितलं म्हणून नाही. त्यामुळे तो दोघांनाही फारसा आवडत नाही.' काशिनाथरावांनी तिला सहा गुण दिले होते. मुद्देसूद नाही, म्हणून. त्याच वर्षी कोणीतरी वर्गात हंगेरीबद्दल विचारलं होतं, छप्पन साली रशियाचे रणगाडे तिथे शिरले तेव्हा आपला देश इतका अडखळत का बोलला म्हणून. 'तो परीक्षेला नाही,' असं ते म्हणाले होते.

ते उठले आणि आधी बी मध्ये गेले.

सीना रविवारचा पांढरा पोशाख इस्त्री करत होती. फ्रिजवर मॅग्नेटखाली फॉर्म होता, घडी घातलेला. काशिनाथरावांनी तिकडे पाहायचं टाळलं, म्हणजे दोनदाच पाहिलं.

"गुरुवारी वारा नव्हता, सीना. म्हणजे होता, पण झाड वाऱ्याने पडलं नाही. मी ट्रेवरला सांगणार आहे. त्याच्याकडे जाण्याआधी तुला सांगावं म्हणून आलो."

इस्त्री थांबली. "म्हणजे तू त्याच्या बाजूचा."

"नाही. रविवारी दोन तास गाड्या राहिल्या तर कोणाचं काही बिघडत नाही आणि त्या प्लास्टिकच्या चिठ्ठ्या बंद करा, हेही त्याला आजच सांगणार आहे. तो घर सोडून चाललाय. त्याला वाटतंय झाड त्यानेच मोडलं."

 सीनाला हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण राग आधी आला होता आणि तो जागा सोडायला तयार नव्हता.

"अकरा वर्षं मी त्या माणसाला सॉरी म्हणतेय, काशी. गाडीसाठी, गाण्यासाठी, कोंबड्यासाठी. आमचा सामोआ ह्या न्यूझीलंडवाल्यांकडून स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेय मी. राज्य करताना जे केलं त्याबद्दल आमची माफी मागायला ह्यांना त्यानंतर चाळीस वर्षं लागली. आणि मी एका लिंबाच्या झाडासाठी दोन दिवसांत मागायची?"

"मागितलीस तर विक्रम तुझ्या नावावर राहील," काशिनाथराव म्हणाले.

सीना हसली नाही. तिने दार उघडून धरलं.

ट्रेवरने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग खुर्चीत बसला आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिला, परत मिळालेल्या वस्तूकडे पाहावं तसा.

"म्हणजे तिची सही तुमच्या हातची गेली," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"पंच्याऐंशी साली आम्ही अमेरिकेला सांगितलं होतं, तुमचं अण्वस्त्रांचं जहाज आमच्या बंदरात नको. दोस्ती होती, तरी. फार रागावले ते. वर्षानुवर्षं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी? मी रेल्वेत होतो. वेळापत्रक सांभाळलं."

मग काशिनाथरावांनी चिठ्ठ्यांचा विषय काढला, आणि ट्रेवरचा चेहरा कुंपणासारखा झाला.

"काय झालं?" श्यामलाबाईंनी वरून विचारलं.

"दोघंही नाराज आहेत."

"म्हणजे बरोबर केलंत," त्या म्हणाल्या आणि अर्धा कप चहा मागितला.

तीन आठवडे गेले. ड्रिल आलं नाही, गोड पाव आले नाहीत. ट्रेवरची मुलगी एकटीच टौरंगाला परत गेली. गाडी विकायची पाटी काही लागली नाही. एका रविवारी कुंपणाला चिठ्ठी नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी सीना पांढऱ्या पोशाखात ट्रेवरच्या दारात उभी दिसली. दोघं दहा मिनिटं बोलत होते. काशिनाथरावांच्या डोळ्यांवर चष्मा होता, पण ऐकू काही आलं नाही. शेवटी ट्रेवरने तिच्या हातात एक पिशवी दिली. लिंबांची असावी. पडलेल्या लिंबांचं त्याने लोणचं तरी काय घातलं असतं!

सोमवारी पत्रपेटीत फॉर्म होता. सही होती. काशिनाथराव तो घेऊन घाईने घरात आले आणि मग जिन्याच्या पायथ्याशीच थबकले.

"काय झालं? नाही म्हणाली?" वरून आवाज आला.

"सही केलीये. पण तारीख मंगळवारची आहे. तो मंगळवार. मी फॉर्म दिला त्याच दिवशी केलीये. झाड मोडायच्या आधी."

श्यामलाबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे गुरुवारी ती पाव घेऊन आली तेव्हा सही झालेली होती."

"हो."

"तिने सौदा केलाच नव्हता."

"रागावल्यावर तीन आठवडे स्वतःकडे ठेवून घेतली, तेवढंच."

"मग तुम्ही इशारा कुठे वाचलात?"

  काशिनाथरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

बिल्डर पुढच्या महिन्यात येणार होता. तोवर जिना होताच. दुपारी श्यामलाबाई चढायला निघाल्या तेव्हा काशिनाथराव नेहमीप्रमाणे त्यांचा दंड धरायला पुढे झाले.

"धरू नका," त्या म्हणाल्या. "धरलं की तोल तुमच्याकडे जातो. मागे राहा नुसते."

ते एक पायरी मागे राहिले आणि चौदा होईपर्यंत मोजत गेले.