मुलुंडच्या डोंगरातली तीन पायांची चितळ

मी चितळ आहे. तुम्ही चित्रांत बघता तशीच, तांबूस अंगावर पांढरे ठिपके असलेली. फक्त चित्रातल्या हरणाला चार पाय असतात. माझा मागचा डावा पाय मध्येच संपतो. त्यामुळे एका जागी फार वेळ उभं राहिलं की उरलेला मागचा पाय भरून येतो. कान तर कधीच स्वस्थ बसत नाहीत. बोलता बोलता मी मध्येच गप्प झाले, मान वर केली, तर राग मानू नका.

माझा जन्म मुलुंडच्या बाजूला झाला. बोरिवलीकडून पसरत आलेलं आमचं जंगल इथे डोंगराच्या पायथ्याशी संपतं आणि तिथूनच तुमच्या बिल्डिंगी सुरू होतात. मध्ये एक भिंत आहे. पहिले काही दिवस आई मला उंच गवतात बसवून चरायला जायची. हलायचं नाही, एवढंच मला माहीत होतं. भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, खिडक्या सरकल्याचा आवाज यायचा, कुणीतरी कुणालातरी डबा विसरलास म्हणून ओरडायचं. या आवाजांना मी कधी घाबरले नाही. घाबरायचं कशाला, ते आईने नंतर शिकवलं. झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडलं की थांबायचं नाही. वारा नसताना गवत हललं तर बघत बसायचं नाही.

दोन उन्हाळे मी चार पायांवर काढले. कळपात माझ्याइतकी लांब उडी कुणाची नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून सांगते.

तिसऱ्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचा उंबर पिकला. वानरं वरून अर्धी खाल्लेली फळं टाकायची आणि आम्ही खाली वेचायचो. त्या सकाळी वाटेवर एक रोपटं वाकवून ठेवलेलं मी पाहिलं होतं. वाकलेल्या रोपट्याला कशाला घाबरायचं, हे मात्र आईलाही माहीत नव्हतं. मी पुढे गेले. मागच्या पायाला काहीतरी थंड लागलं. दचकून मी उडी मारली, आणि सगळं अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिला.

तार होती. मी ओढलं की ती आवळायची. मी जीव खाऊन ओढत राहिले. कळप पळाला. आई तेवढी ओढ्याच्या पलीकडे थांबली, पाय आपटत राहिली, हाका मारत राहिली. ऊन वर आलं तशी तीही गेली. तिच्यामागे त्या वर्षीचं नवं पाडस होतं. तिला जावंच लागलं.

दुपारच्या सुमाराला पाड्यावरची माणिकबाई करवंदं काढायला आली. मला पाहून तिच्या हातातली टोपली खाली पडली. "अगं बाय माझे!" म्हणत ती जवळ आली, तशी मी इतकी उसळले की मानेवर आपटले. ती लगेच मागे सरली. थोडा वेळ लांब बसून राहिली. मग मोठा वळसा घालून पाठीमागून आली आणि कोयत्याने ते रोपटंच तोडून टाकलं. तीन घाव ऐकू आले. चौथ्या घावाला मी सुटले आणि पळाले. तार पायातच होती.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पाय सुजला, मग बधिर झाला. माश्या बसायच्या, कावळे टोचायला यायचे. जखमेचा वास मलाच येत होता, तर बिबट्याला येणारच, म्हणून मी कळपापासून लांब करवंदीच्या जाळीत पडून राहायचे. तिथेच एकदा दोन बायका बोलताना ऐकल्या. एक माणिकबाई. दुसरी खाकी कपड्यातली अक्षता, आमच्या भागाची वनरक्षक.

"मावशी, मला बोलवायचं होतंस ना!" अक्षता म्हणाली.

"फोन लागत व्हता का तिथं? आन् ती अशी उसळत व्हती, मान मोडून घेतली असती तिनं. जवळ कशी जाऊ? मागनं रोपटं तोडलं."

"पण तार राहिली ना पायात."

माणिकबाई म्हणाली, "ऱ्हायली खरी. डोळ्यांसमोरून जात नाय माझ्या."

"तू नसतीस तर ती तिथेच संपली असती," अक्षता म्हणाली. "चल, जागा दाखव मला. तारेचा फासा लावणारा शिकारी एकावर थांबत नाही."

त्या निघून गेल्या. मी सगळा वेळ श्वास रोखून होते. पुढे काही दिवसांनी उठले तेव्हा पाय हलका लागला. तारेखालचा भाग जाळीतच पडून होता. मी तो हुंगला आणि चालू लागले. चालू लागले म्हणजे काय, पडले, उठले, पुन्हा पडले. चढाला उरलेला मागचा पाय एकटाच सगळं अंग ढकलायचा. उतार तर फारच वाईट. जखम भरेपर्यंत पाऊस येऊन गेला आणि उन्हं कडक झाली.

चढ नको म्हणून मी पायथ्याशी, भिंतीजवळ चरू लागले. तिथे भिंतीला एक खिंडार होतं आणि खिंडारासमोरच देवदत्तकाकांची तळमजल्यावरची खिडकी. काका नुकते नोकरीतून निवृत्त झालेले. सकाळचा चहा घेऊन ते खिडकीशी उभे असायचे. मला पाहिलं तेव्हा त्यांचा कप तसाच हातात राहिला.

"अरे अरे अरे, काय झालं गं तुझ्या पायाला?"

दुसऱ्या दिवशी खिंडाराशी कोबीची पानं होती. मग चपात्या आल्या, पाव आला. मी खाल्लं. खोटं कशाला सांगू? डोंगर चढण्यापेक्षा ते सोपं होतं. काका रोज म्हणायचे, "ये गं, ये. घाबरू नकोस." त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पण मी एक घास खायचे आणि तीनदा मागे बघायचे, कारण चपात्यांचा वास मला एकटीलाच येत नव्हता. भिंतीपलीकडच्या कुत्र्यांनाही येत होता.

काका अक्षताला रोज फोन करायचे. शेवटी एका सकाळी ती आली. तिच्यासोबत प्राण्यांच्या डॉक्टर फ्लेविया होत्या. त्यांच्या हातात लांब बंदूक होती, बेशुद्ध करणारी सुई मारायची. मी बांबूच्या बेटाआड उभी होते. पळावंसं वाटत होतं, पण पुढे चढ होता.

"बघवत नाही हो डॉक्टर," काका म्हणाले. "चार पावलं टाकते आणि थांबते. पकडा तिला, कुठेतरी नीट ठेवा. निदान जिवंत तर राहील!"

डॉक्टर दुर्बिणीतून बघत राहिल्या. इतका वेळ की माझा मागचा पाय थरथरायला लागला.

"काका, जखम मस्त भरलीय," त्या म्हणाल्या. "चरतेय, रवंथ करतेय. आणि पोट बघितलंत? गाभण आहे ती."

"मग तर नेलंच पाहिजे!"

"ऐका ना. हरणाला पकडलं ना, की कधी कधी ते नुसत्या भीतीनेच मरतं. मी सुई मारणार, ही तीन पायांवर धावणार, पडणार, आपण जाळ्यात घालून गाडीत कोंबणार. आणि दोन दिवसांनी मी तुम्हाला फोन करून काय सांगू?"

"म्हणजे काहीच करायचं नाही?"

"करायचं ना," अक्षता म्हणाली. तिचं बोलणं तसंच, तोंडावर. "चपात्या टाकणं बंद करा आधी. त्या वासावर कुत्री आत यायला लागलीत. एकदा तिच्या मागे लागली तर वाट लागेल तिची."

काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तेवढाच तिला आधार..."

डॉक्टरांनी बंदूक पेटीत ठेवली. अक्षता मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "रविवारी येताय का? आम्ही फासे शोधत फिरतो. माणिकमावशी वाटा दाखवते. नीट बघणारं माणूस हवंय."

काका गेले. त्या रविवारी आणि पुढच्या कितीतरी रविवारी. मी झाडीआडून पाहायचे, तिघं वाकून चाललेली. एकदा काकांनीच तार शोधून काढली. स्कूटरच्या क्लचची तार होती, असं अक्षता म्हणाली. काका ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढीशी?" त्या दिवशी माणिकबाई त्यांच्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली. आपण सोडवलेल्या चितळीची, म्हणजे माझीच, गोष्ट तिने त्यांना सांगितली, पायात राहिलेल्या तारेसकट.

मला पाडस झालं तेव्हा गवत माझ्या पाठीएवढं वाढलं होतं. मादी होती. आईने मला बसवलं तसं मी तिला गवतात बसवलं आणि लांब जाऊन चरू लागले. पण चरण्यात लक्ष कुठलं! प्रत्येक घासाला मान वर.

चपात्या बंद झाल्या होत्या, पण कुत्र्यांची सवय गेली नव्हती. तिसऱ्या सकाळी पाच कुत्री खिंडारातून आत आली. नाक जमिनीला लावून ती सरळ गवताच्या दिशेने निघाली. झाडावरून वानर ओरडलं. माझं अंग म्हणत होतं, पळ. मी पळाले, पण त्यांच्याच अंगावर. समोर आले, लंगडले, त्यांना माझा अपुरा पाय दिसू दिला. पाचही वळली.

मग मात्र मी खरंच धावले. उतारावर दोनदा पडले. एकाने कान फाडला. डोंगर चढणं शक्य नव्हतं, म्हणून मी ओढ्यातल्या डोहात शिरले, छातीपर्यंत पाण्यात. मागे मोठा खडक होता. कुत्र्यांना तिथे पोहत यावं लागत होतं आणि मी उभी होते. पुढचे दोन्ही पाय माझे शाबूत होते. ते मी मारले. एक कुत्रं केकाटून मागे गेलं. पण बाकीची फेऱ्या घालत राहिली, आणि माझा मागचा पाय पाण्याखालच्या दगडावरून सरकायला लागला होता.

"हाड! हाड! चल निघ!"

देवदत्तकाका होते. दोरीवर कपडे वाळत घालायची काठी घेऊन ओढ्यात उतरलेले. एक चप्पल पायात, दुसरी वाहून गेलेली. पाण्यावर काठी आपटत, शिव्या देत ते असे काही आले की कुत्री एकेक करून पांगली आणि खिंडारातून परत गेली.

आम्ही दोघंच राहिलो. काका धापा टाकत होते, मीही. आमच्यात जेमतेम दोन उड्यांचं अंतर होतं, माझ्या जुन्या उड्यांचं. त्यांनी हात पुढे केला. ओठ हलले, तेच नेहमीचं "ये गं" म्हणायला. पण ते म्हणाले नाहीत. तोंड मिटून, माझ्याकडे पाठ न करता, एकेक पाऊल मागे टाकत ते ओढ्यातून बाहेर पडले आणि निघून गेले.

पाडस होतं तिथेच होतं. हललं नव्हतं.

महिन्याभराने भिंतीशी गवंडी आले. खिंडार बुजवायला काकांनीच सोसायटीला भाग पाडलं होतं. शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याशी वाद घालत होते, "अहो, मुलांना इथूनच तर हरणं दिसतात! आणि तुम्हालाच त्यांचं जास्त वेड होतं ना?"

"होतं ना," काका म्हणाले. "म्हणूनच म्हणतोय."

विटा चढत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांची खिडकी मला दिसेनाशी झाली. त्यानंतर त्यांनी मला पाहिलेलं नाही. रविवारी ते अजून येतात, पण तोवर मी वर निघून गेलेली असते.

आता मी पुन्हा कळपात आहे. कळप चालतो तेव्हा मी शेवटी असते. शेवटचं जनावर बिबट्या निवडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी सगळ्यांआधी ऐकते, सगळ्यांआधी वास घेते, आणि मी पाय आपटला की आता म्हातारे नरसुद्धा थांबून बघत नाहीत, पळतात. झोप मला कमीच. बसले तर उठायला वेळ लागतो, म्हणून बसतेही कमी.

मला बघून तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या, पण हाका मारू नका, काही खायला टाकू नका. माझ्यासाठी काही करावंसं वाटलंच, तर जंगलाच्या वाटेवर खाली बघत चला. वाकवलेलं रोपटं दिसलं, जमिनीलगत गोल केलेली तार दिसली, तर लगेच वनरक्षकाला कळवा. माझा पाय गेला तो गेला. इथे अजून पुष्कळ पाय चालतायत.

माझी लेक आता माझ्याएवढी झाली आहे. आज सकाळी वानर ओरडलं आणि कळप उधळला. टेकाडावर पोहोचून तिने एकदा वळून पाहिलं. मी अजून अर्ध्या चढावर होते, तीन पायांवर उसळत. मी पाय आपटला, जोरात. ती थांबली नाही. एका लांबच लांब उडीत टेकाडापलीकडे गेली, आणि मला इतकं बरं वाटलं की उरलेला चढ मी कसा चढले ते कळलंच नाही.