काकू नव्हे, फर्स्ट इयर

"काकू, एवढं बटण लावून द्या ना!"

दार न वाजवताच आत घुसलेल्या मुलाने शर्ट थेट तिच्या पुस्तकावर टाकला. तिने तो उचलून त्याच्या हातात कोंबला.

"सुई-दोरा देते. बटण तुझं तू लाव."

पोरगं हिरमुसलं. हिरमुसू दे! आल्यापासून तिने किती बटणं लावली, तिचं तिला माहीत.

विद्यापीठाच्या वसतिगृहाचा हा मजला 'जगाचं घर' म्हणून ओळखला जाई. देशोदेशीची पहिल्या वर्षाची मुलं इथे एकत्र राहायची, जेवायची, आणि एकमेकांच्या देशांचा अभ्यास खालच्या मजल्यावरच्या वर्गात मिळून करायची. अट एकच, विद्यार्थी पहिल्या वर्षाचा हवा. वयाबद्दल कोणी अवाक्षर लिहिलं नव्हतं. नवऱ्यामागे मुलाला एकटीने वाढवत, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात उभा जन्म घालवलेल्या या बाईने तेवढं बरोबर हेरलं आणि निवृत्त होताच प्रवेश घेतला.

पण मुलांनी तिला पहिल्याच दिवशी काकू करून टाकलं. कोणाला ताप आला, काकू. कोणाला घर आठवलं, काकू. सुरुवातीला तिलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला? आता मात्र अभ्यास बोंबलत होता.

त्या दुपारी रेक्टरबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. तिथे तिचा मुलगा आधीच येऊन बसला होता.

"काकू, तुम्ही या मजल्याच्या आईच व्हा," रेक्टरबाई कौतुकाने म्हणाल्या. "मुलांना माया मिळेल, तुमची खोली कायम राहील. अभ्यासाची कटकट नको."

"आई एकदा झालेय मी. हा काय, समोर बसलाय."

"आई, ऐक ना," मुलगा म्हणाला. "नाहीतर सरळ घरी चल. लोक मला विचारतात, तुझी आई कुठल्या वर्गात आहे म्हणून. शरम वाटते गं."

"पास झालेय मी चाचणीत. कसली शरम?"

रेक्टरबाई हसल्या. "अहो, ते सरांनी सांभाळून घेतलं. तुमच्या वयाचा मान ठेवून चार मार्क जास्त दिले."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे इथे ती शिकत नव्हतीच, सगळे तिचे लाड करत होते!

"मला नाही व्हायचं कोणाची आई. आणि मार्कही नकोत."

"पुढच्या वेळी नापास झालात तर खोली जाईल, काकू. नियम आहे."

"जाऊ दे की. नापास झाले तर माझ्या कर्तबगारीने होईन!"

मुलगा उठला. "मग मला बोलवू नकोस परत." त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पोटचा पोर तो! हाक मारावीशी वाटली, पण ती खोलीतून चाचणीचा पेपर घेऊन तासाला गेली.

वर्ग भरला होता. तिने पेपर सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, यातले तुमचे चार मार्क परत घ्या."

सर गडबडले. "अहो, पण मग नापास..."

"तेच म्हणतेय मी."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, लाल पेन उघडलं आणि आकडा खोडला. "नापास झालेले मागच्या बाकांवर," ते म्हणाले. "त्यांचा जादा तास होईल. तुम्हीही बसा."

ती पिशवी उचलून मागे गेली. मान ताठ होती. मागची पोरं सरकली. कुठल्याशा लांबच्या देशातून आलेल्या, रडवेल्या झालेल्या मुलीने आपला पेपर तिच्यापुढे केला.

"दुसरा प्रश्न तुला तरी कळलाय का गं?"

"छे गं!" ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून पुस्तक उघडलं.