सात नंबरच्या गल्लीचा खोकला

“आत ये की गं पोरी, सावलीला. माझंबी लिवून घे. लई खोकला हाय बग.”

अकरा वर्षांपूर्वीची ती हाक नेमकी शिक्का उचलताना चेतनाच्या कानात शिरली. शिक्क्यावर तीनच शब्द होते: ‘तपासले. बरोबर आहे.’ तिने तो शाईच्या पॅडवर दाबला, उचलला आणि कागदावर न टेकवताच बाजूला ठेवला.

समोर डॉ. राजस देशमाने यांच्या बढतीची फाईल होती. सरांचे शोधनिबंध किती आणि त्यांचा आधार कुणीकुणी घेतला, हे पडताळून कॉलेजच्या ग्रंथालयाने, म्हणजे ग्रंथपाल चेतनाने, सही करायची असते. निबंध अठ्ठेचाळीस, निम्मे संगणकाचे, निम्मे आरोग्य धोरणाचे. आधार घेतलेली ठिकाणं दोनशे चौदा. तीन दिवस चेतना पेन्सिलीने खुणा करत होती. एकसष्ट ठिकाणी सरांनी सरांचाच आधार घेतला होता, सत्तर ठिकाणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी. संगणकाचा निबंध म्हणे, पुढचं आरोग्यात पाहा. आरोग्याचा म्हणे, मागचं संगणकात पाहा. ताट आपलं, निरांजन आपलं, ओवाळणारा हात आपला, आणि पाटावर बसलेलेही आपणच.

जात्यात दाणा नाही, घरघर मात्र गावभर.

चहा ठेवता ठेवता शिपाई मायाप्पाने यादीवर मान वाकवली.

“सगळीकडं देशमानेच की हो म्याडम! आमच्या पोथीत देवाचं नावबी इतक्यांदा येत न्हाय.”

“देवाला बढती नको असते, मायाप्पा.”

तो हसत गेला. चेतनाचं बोट यादीच्या पहिल्या ओळीवर थांबलं होतं. उरलेली त्र्याऐंशी ठिकाणं परक्यांची होती, खरीखुरी. आणि ती जवळजवळ सगळी या एकाच निबंधाची. विडी वळणाऱ्या बायकांचा खोकला. त्याची घरोघरची पाहणी चेतनानेच केली होती. तेव्हा ती नुकती पदवी घेऊन मोहोळहून रोज एसटीने शहरात यायची.

दुपारी सर आले. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“झालं का हो ताई? उद्या समिती आहे. नुसती सही तर करायची.”

“करते. एक विचारू? सात नंबरच्या गल्लीत तुम्ही कधी गेला होतात?”

“मी?” सर हसले. “मॉडेल करणारा गल्लीत जात नसतो हो. गल्ली मॉडेलमध्ये येते.”

“बरोबर. चपला खराब होत नाहीत.”

त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “त्या गल्लीनंच तर आपलं नाव झालं. सगळी वस्ती खोकते, आणि तिथल्या एकतीस घरांत एकही बाई खोकत नाही! संगणकानं कारण शोधलं की नाही? पूर्वेचा वारा, मोकळी अंगणं.”

“आणि तुमच्या पुढच्या निबंधानं तिथला फिरता दवाखाना बंद केला.”

“मी फक्त शिफारस केली. गरज नाही तिथं गाडी कशाला थांबवायची?”

चेतनाने चहाचा कप दूर सारला. वर आलेली साय थरथरली.

पाहणीनंतर तीन वर्षांनी ती त्या गल्लीत गेली होती. हाक मारणाऱ्या गौरम्माच्या दाराला कुलूप होतं. ज्या सुपात ती विड्या वळायची, ते भिंतीला पालथं टांगलेलं होतं. शेजारीण म्हणाली होती, “खोकून खोकून गेली म्हातारी. गाडी आमच्या गल्लीत येतच न्हाय की.” चेतना तिथून तशीच परतली होती. त्यानंतर आठ वर्षं सरांच्या प्रत्येक नव्या निबंधाला तिने मनातल्या मनात नाक मुरडलं. मुरडायला नाक होतं, उघडायला तोंड नव्हतं.

“त्या गल्लीत वारा नाही, सर,” ती म्हणाली. “अंगणं तर नाहीतच. दारासमोर दार आहे.”

“म्हणजे?”

“शेवटचा दिवस होता. एप्रिलचं ऊन. साडेचारची एसटी चुकली असती. पाहणीच्या फॉर्मवर ‘खोकला आहे का’पुढे ‘हो’ लिहिलं की खाली आठ प्रश्न विचारायचे होते. ‘नाही’ लिहिलं की पान संपत होतं.” तिचा आवाज खाली गेला. “गौरम्मानं हाक मारून सांगितलं होतं. तरी तिच्या नावापुढेसुद्धा ‘नाही’च लिहिलं. एकतीस पानं स्टँडवर बसून भरली मी.”

सरांनी मागे वळून दार लोटून घेतलं.

“नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

तिने फाईल ओढली. शेऱ्याच्या रकान्यात तेच सगळं चार ओळींत लिहिलं, खाली सही केली, आणि सहीवर शिक्का दाबून उमटवला. तपासले. बरोबर आहे. मग फाईल त्यांच्याकडे सरकवली.

सर वाचत राहिले. वाचून झाल्यावरही कागदावरून नजर उचलली नाही. मग खुर्चीत बसले, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखे.

“एकतीस घरं, आणि एकही खोकला नाही,” ते म्हणाले. “एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या खुणा. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला.”